मेंटेनन्स ७५०० च्या उंबरठ्यावर, त्यात मोठी दुरुस्ती: जीएसटी नेमका कशावर बसतो?

घोडबंदर_सचिव

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरची ९६ सदनिकांची सोसायटी आहे. ६४ टू बीएचके आणि ३२ थ्री बीएचके. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचे प्लास्टर आणि रंग असं काम निघालं आहे. ठेकेदाराचं कोटेशन १७ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०,०६,०००. कमिटीचा विचार असा की १८ महिने "विशेष दुरुस्ती वर्गणी" घ्यावी, टू बीएचकेला महिना १,००० आणि थ्री बीएचकेला १,५००. एकूण २०,१६,००० जमतात.

सध्याचं थ्री बीएचकेचं मासिक बिल असं:

सेवा शुल्क ३,७००
टँकरचं पाणी १,०५०
महापालिकेची पाणीपट्टी २५०
लिफ्ट ३५०
सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) ४५०
दुरुस्ती निधी १,३००
पार्किंग ५००
एकूण ७,६००

टू बीएचकेला सिंकिंग ३०० आणि दुरुस्ती निधी ९००, बाकी तेच. एकूण ७,०५०.

महिना ७,५०० पर्यंतच्या वर्गणीवर जीएसटी माफ आहे, एवढं आम्हाला ठाऊक आहे. खजिनदारांचं म्हणणं, थ्री बीएचके आधीच ७,५०० च्या वर आहे, म्हणजे आपण आजच जीएसटी बुडवतोय. एका सभासदाचं म्हणणं, ७,५०० च्या वर जेवढं जाईल तेवढ्यावरच कर. दुसऱ्याचं म्हणणं, विशेष वर्गणीची पावती वेगळी फाडली की प्रश्नच मिटला. तिघांपैकी बरोबर कोण? सोसायटीची जीएसटी नोंदणी नाही.

हिशोबनीस

तिघेही चुकले आहेत, पण प्रत्येक जण वेगळ्या कारणाने.

आधी खजिनदार. महापालिकेची पाणीपट्टी तुम्ही फक्त गोळा करून भरता. महापालिकेचं देणं सभासदाकडून घेऊन जसंच्या तसं पुढे दिलं तर ते सोसायटीच्या सेवेचं मूल्य धरत नाहीत. त्यामुळे तुमचं थ्री बीएचके ७,६०० वजा २५० म्हणजे ७,३५० वर आहे, मर्यादेच्या आत. टू बीएचके ६,८०० वर. अट एवढीच की रक्कम प्रत्यक्ष बिलाइतकीच हवी आणि सभासदाच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. तुमचे २५० गुणिले ९६ म्हणजे महिन्याला २४,०००, तिमाहीला ७२,०००. महापालिकेचं बिल याच्याशी जुळतं का पाहा. बिल ६०,००० आणि गोळा ७२,००० असेल, तर वरचे १२,००० तुमच्या खात्यात सोसायटीचं उत्पन्न म्हणून बसतात आणि "जसंच्या तसं" हा बचावच जातो.

टँकरचं मात्र उलट आहे. टँकरवाल्याच्या बिलात जीएसटी नसतो, कारण सीलबंद नसलेल्या पाण्यावर तो नाहीच. म्हणून बरेच जण ही ओळही बाजूला काढतात. ते चूक. टँकर सोसायटीने विकत घेतला आणि वाटून दिला, ती सोसायटीची सेवा झाली. ते १,०५० मर्यादेत मोजायचेच. जनरेटरच्या डिझेलचंही तसंच. सभासदाच्या स्वतःच्या मीटरचं वीजबिल बाहेर, सोसायटीच्या जनरेटरची वीज आत.

सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग हे सगळं आत. "हा तर निधी आहे, खर्च नाही" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण केंद्रीय करमंडळाच्या प्रश्नोत्तरांत या तिन्हींवर स्पष्टपणे कर सांगितला आहे.

आता वेगळी पावती. सवलतीच्या नोंदीत "दरमहा, दर सभासद ७,५०० रुपयांपर्यंतची वर्गणी" असे शब्द आहेत. पावत्या किती फाडल्या हे तिथे कोणी विचारत नाही. एका महिन्यात एका सदनिकेकडून सामाईक कामासाठी जे काही मागितलं ते एकत्र धरतात. लेखापरीक्षणात खातेउतारा एकच असतो, तिथे दोन्ही पावत्या शेजारी शेजारी दिसतात. हां, एकाच सभासदाच्या दोन सदनिका असतील तर मर्यादा प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मिळते. हे २०१९ च्या परिपत्रकातच आहे.

विशेष वर्गणी लावलीत तर टू बीएचके ७,८००, थ्री बीएचके ८,८५०. ९६ च्या ९६ सदनिका उंबरठ्यापलीकडे. ७,५०० च्या वर जेवढं तेवढ्यावरच कर की सगळ्यावर, हे खाली कोणीतरी सविस्तर लिहील अशी आशा, माझी बोटं दुखली.

नौपाडा_कायदा

लिहितो.

मूळ सवलत ५,००० ची होती. २५ जानेवारी २०१८ पासून ती ७,५०० झाली. २२ जुलै २०१९ च्या परिपत्रक १०९ मध्ये विभागाने म्हटलं की ७,५०० ओलांडले की सवलत संपूर्ण जाते आणि पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात. परिपत्रकात ९,००० चं उदाहरणच दिलंय, कर ९,००० वर, १,५०० वर नाही.

१ जुलै २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. न्यायालयाने "पर्यंत" या शब्दावर बोट ठेवलं. ७,५०० पर्यंत सवलत म्हणजे तेवढा भाग सुटला, वरच्या भागावर कर. भाषेच्या दृष्टीने मला हेच पटतं. पण तो निकाल तामिळनाडूतला. महाराष्ट्रातला अधिकारी परिपत्रक समोर ठेवतो आणि अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (कर लागतो का हे आधीच विचारायची सरकारी जागा) गेलात तर मिळालेला निर्णय तुमच्याच गळ्यात बांधला जातो.

दोन्ही वाचनांत तुमचा आकडा किती बदलतो ते पाहा:

परिपत्रकाप्रमाणे टू बीएचके ७,८०० वर १,४०४ आणि थ्री बीएचके ८,८५० वर १,५९३. सोसायटीचा महिन्याचा कर १,४०,८३२.

मद्रासच्या निकालाप्रमाणे टू बीएचके ३०० वर ५४ आणि थ्री बीएचके १,३५० वर २४३. महिन्याचा कर ११,२३२.

परिपत्रकाच्या हिशोबाने १८ महिन्यांत २५,३४,९७६ रुपये कर. काम २० लाखांचं, कर २५ लाख. टू बीएचकेवाला दुरुस्तीला १,००० देतो आणि त्यापायी सरकारला १,४०४ देतो. यावरून एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) खुर्च्या उडाल्या तर मला नवल वाटणार नाही.

"आपलेच पैसे आपणच गोळा करतो, मग कर कसला?" हा प्रश्न कोणी काढणारच, म्हणून आधीच. परस्परतेचं हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या कलकत्ता क्लब प्रकरणात जुन्या सेवाकरासाठी मान्य केलं होतं. मग २०२१ च्या वित्त अधिनियमाने जीएसटी कायद्याच्या कलम ७ मध्ये नवं उपकलम घातलं, तेही १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी. सभासद आणि संस्था या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते उपकलम घटनाबाह्य ठरवलं. ठाण्यात बसून त्या भरवशावर वर्गणी ठरवू नका.

नेरूळ_खजिनदार

वरच्या २५ लाखांत थोडी सूट द्या हो, नाहीतर सचिव साहेब रात्रभर झोपायचे नाहीत. नोंदणी करून सगळ्यांवर कर लावला की इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खर्चाच्या बिलांत दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा होतो. सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार (एएमसी), पंपाचे सुटे भाग, पाइप, नळ. ९६ सदनिकांच्या सोसायटीत या सेवांचं बिल महिन्याला पावणेतीन लाख धरलं तर ४९,५०० क्रेडिट. ठेकेदाराच्या ३,०६,००० चं १८ महिन्यांवर वाटून महिन्याला १७,०००. निव्वळ भरणा १,४०,८३२ वजा ६६,५००, म्हणजे ७४,३३२. दीड वर्षात १३.३८ लाख. तरीही काम २० लाखांचं, म्हणून आनंद मानावा असं काही नाही.

ठेकेदाराच्या क्रेडिटला एक काटा आहे. इमारतीच्या बांधकामावरचं क्रेडिट कायद्याने अडवलंय आणि "बांधकाम" या शब्दात दुरुस्तीही येते, पण फक्त जेवढी दुरुस्ती पुस्तकात भांडवली खर्च म्हणून दाखवली तेवढीच. रंग आणि वॉटरप्रूफिंग दुरुस्ती निधीतून खर्ची टाकलं तर क्रेडिट मिळतं. लेखनिकाने "इमारत" खात्यात वाढ दाखवली की गेलं. नवी लिफ्ट बसवली तर विसराच, महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने ती इमारतीचा भाग धरून क्रेडिट नाकारलं आहे.

पगारावरचा माळी, वॉचमन, टँकर यांवर क्रेडिट शून्य.

पण सचिव साहेब, खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आणखी कसलं उत्पन्न आहे? मोबाईल टॉवर, होर्डिंग, हॉल? आणि भाड्याने दिलेल्या सदनिका किती? त्यांच्या मालकांकडून नॉन-ऑक्युपन्सी (स्वतः न राहता भाड्याने दिल्याचं शुल्क) घेता का? दुरुस्ती निधीत सध्या शिल्लक किती? या तीन उत्तरांशिवाय सल्ला म्हणजे अंधारात गोळी.

घोडबंदर_सचिव

धन्यवाद. माहिती देतो.

टॉवर, होर्डिंग नाही. क्लबहाऊसचा हॉल वाढदिवस, बारशाला देतो, वर्षाला ९०,००० च्या आसपास येतात.

भाड्याने ७ थ्री बीएचके आहेत, टू बीएचके एकही नाही. सेवा शुल्काच्या १० टक्के घेतो, म्हणजे ३७०. हे दर एप्रिल २०२५ पासून लागू आहेत.

दुरुस्ती निधीची एफडी ७,८०,०००. महिन्याला निधीत ९९,२०० जमतात, त्यातले ४०,००० च्या आसपास किरकोळ दुरुस्तीत जातात. सिक्युरिटी एजन्सी एका माणसाच्या मालकीची आहे, नोंदणीकृत, बिलात १८ टक्के लावते. महिन्याचं मूळ बिल १,६०,०००.

हिशोबनीस

नेरूळकरांनी नेमकी नस पकडली.

पहिलं, तुमच्या ७ सदनिका आजच मर्यादेबाहेर आहेत. ७,३५० अधिक ३७० म्हणजे ७,७२०. नॉन-ऑक्युपन्सीवर कर आहे, हेही करमंडळाच्या त्याच प्रश्नोत्तरांत आहे. परिपत्रकाप्रमाणे दर सदनिकेमागे १,३८९.६०, सात मिळून महिन्याला ९,७२७.२०. मद्रासप्रमाणे २७७.२०. एप्रिल २०२५ पासूनचा हा आकडा सीएसमोर ठेवा. उशिराच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज चढत असतं.

दुसरं, हॉल. एकूण उलाढालीत करमुक्त रक्कमही मोजतात हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तुमची नुसती वर्गणीच वर्षाला ८०,४४,८०० भरते. २० लाखांच्या वर उलाढाल आणि त्यात एक रुपयाही करपात्र, की नोंदणी सक्तीची. सभासदाच्या घरगुती कार्यक्रमाला दिलेला हॉल हे सामाईक कामाचं शुल्क नाही, ते ७,५०० च्या छत्रीखाली येत नाही. म्हणजे ७ सदनिकांचं काही झालं तरी हॉलमुळे तुम्ही नोंदणीच्या कक्षेत आहातच. ४० लाखांची मर्यादा कोणी सांगितली तर ती फक्त मालाच्या विक्रीला आहे.

तिसरं, आणि हेच तुमचं उत्तर. तुम्हाला विशेष वर्गणीची गरजच नाही. दुरुस्ती निधीतून किरकोळ खर्च जाऊन महिन्याला ५९,२०० उरतात. प्रत्येक सदनिकेचा दुरुस्ती निधी फक्त १०० रुपयांनी वाढवा, ९,६०० होतात. एकूण ६८,८०० गुणिले १८ म्हणजे १२,३८,४००. त्यात ७,८०,००० ची एफडी. बेरीज २०,१८,४००. कोटेशन २०,०६,०००. थ्री बीएचके ७,४५० वर थांबतं, टू बीएचके ६,९०० वर. ठेकेदाराच्या ३.०६ लाखांचं क्रेडिट मात्र या मार्गाने मिळणार नाही, ते खर्चातच धरलंय.

भाड्याच्या सात सदनिकांना नॉन-ऑक्युपन्सी शून्य करा. १० टक्के ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला सर्वसाधारण सभा मोकळी आहे. महिन्याला २,५९० सोडलेत की ९,७२७ चा प्रश्न पुढच्या महिन्यापासून बंद. थोडं तरी घ्यायचंच असेल तर ७,४५० नंतर ५० रुपये जागा आहे. ३,७०० च्या एक टक्क्याने ३७ येतात. त्यासाठी ठराव छापणाऱ्याच्या कागदाचेच जास्त पैसे लागतील.

माजिवडा_वाचक

मध्येच विचारतो. ५०० चौरस फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ आहे ना? मग ती रक्कम मेंटेनन्समधून कमी नाही का करायची?

हिशोबनीस

मुंबईत ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून जी माफी मिळाली ती मुंबई महापालिकेच्या हद्दीतली. ठाण्यात मालमत्ता कराचं बिल सदनिकेच्या नावाने येतं, सोसायटीच्या बिलात त्याची ओळच नाही, मग कमी कुठून करणार? तुमच्या बिलात कोणती सूट बसते ते प्रभाग समितीच्या कर विभागात विचारा. सोसायटीच्या नावाने फक्त क्लबहाऊस आणि ऑफिसचं बिल असेल, तर ते सेवा शुल्कातला खर्च आहे.

नेरूळ_खजिनदार

१०० रुपयांची युक्ती झकास, पण दोन सूचना.

हॉल बंद करून नोंदणी टाळायचा मोह होईल. पण ते उत्पन्न वर्गणीतून भरून काढायचं तर ९०,००० भागिले ९६ भागिले १२, सदनिकेमागे महिना ७८ रुपये. थ्री बीएचके ७,४५० अधिक ७८ म्हणजे ७,५२८, पुन्हा बाहेर. त्यापेक्षा नोंदणी करा, हॉलवर वर्षाला १६,२०० कर भरा. परत करायचं डिपॉझिट करात येत नाही, नुकसानीपोटी कापून घेतलेली रक्कम येते, म्हणून डिपॉझिटची नोंद भाड्यापासून वेगळी ठेवा.

नोंदणी झाली म्हणून सगळ्या सभासदांवर कर लागत नाही, ही भीती आधी काढा. ७,५०० च्या आतले करमुक्तच राहतात. त्यांना कर बीजक (टॅक्स इन्व्हॉइस) नाही, पुरवठ्याचं साधं बिल द्यायचं. हॉलच्या पावतीवर ९ टक्के केंद्राचे, ९ टक्के राज्याचे. पावतीवर सेवेचा कोड लिहिताना ९९९५ चा गट चालत नाही, तो संघटनांच्या सेवांचा आहे. हॉल भाड्याचा कोड सीएकडून घ्या.

पण नोंदणी झाली की सिक्युरिटीचं गणित फिरतं. एजन्सी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नसेल आणि सोसायटी नोंदणीकृत असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून सिक्युरिटीवरचा कर सोसायटीनेच उलट पद्धतीने भरायचा. तुमचे १,६०,००० वर २८,८००. आज एजन्सी तेच बिलात लावते, त्यामुळे खिशाला फरक शून्य. पण नोंदणीच्या तारखेपासून तिला लेखी कळवा की बिलात कर लावू नका, "उलट आकारणी लागू" असं लिहा. हे राहिलं तर एजन्सीने भरलेला कर तिचा, तुमचं देणं तुमचं, दोनदा भरणा. तो रोख खात्यातूनच भरावा लागतो, क्रेडिटमधून नाही. क्रेडिटही करपात्र उलाढालीच्या प्रमाणात मिळतं. तुमच्याकडे ९०,००० विरुद्ध ८० लाखांवर, जेमतेम एक टक्का. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड एजन्सी असेल तर ही भानगड नाही. हाऊसकीपिंगला हा नियम नाही, पण एकाच एजन्सीकडून दोन्ही घेत असाल तर बिलं वेगळी करून घ्या.

घोडबंदर_सचिव

नोंदणीला काय लागतं? आणि दर महिन्याला रिटर्न भरत बसायचं का?

नौपाडा_कायदा

सोसायटीचा पॅन, सहकार खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र, अधिकृत सहीवाला नेमल्याचा कमिटीचा ठराव, त्याचा पॅन आणि आधार, सोसायटीचं वीजबिल, रद्द चेक. सही करणाऱ्याचा मोबाईल आधारला जोडलेला हवा. सेक्रेटरी बदलले आणि ओटीपी जुन्या माणसाच्या फोनवर जातोय, ही फार जुनी रड आहे, म्हणून निवडणूक झाली की नोंदणीत लगेच बदल करा. करपात्र झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमची ती मुदत कधीच गेली, तेव्हा अर्जात दायित्वाची तारीख काय लिहायची हे सीएबरोबर बसून ठरवा. आजची तारीख टाकून मोकळं होऊ नका.

५ कोटींपर्यंत उलाढालीला तिमाही रिटर्नचा पर्याय आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने, तिमाहीनंतर १३ तारखेला विक्रीचं रिटर्न, २२ ला ३ बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. सिक्युरिटीचे २८,८०० दर महिन्याला असल्याने २५ तारीख चुकवू नका.

आता व्याज. उपविधींप्रमाणे थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. दोन महिने थकलेल्या थ्री बीएचकेवर १४,९०० चं महिन्याचं व्याज साधारण २६० रुपये. जीएसटी कायद्यात उशिराच्या पैशावरचं व्याज मूळ सेवेच्याच मूल्यात धरलंय. ७,४५० ला हे २६० चिकटले की तो सभासद ७,७१०. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांनी नोटीस येते तेव्हा उतारे काढतात. सभेत व्याजाचा दर कमी करून घ्या किंवा पहिल्या महिन्याला व्याज लावूच नका. ५० रुपयांच्या फटीत २१ टक्के मावत नाहीत.

घोडबंदर_सचिव

ठेकेदाराला पैसे कसे द्यायचे? निधी १८ महिन्यांत जमणार आणि काम पावसाआधी हवंय. शिवाय सिमेंटवरचा जीएसटी कमी झाला म्हणे, मग १७ लाखांत सूट मागायची का?

नेरूळ_खजिनदार

सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, खरं आहे. पण ठेकेदाराच्या सेवेवरचे १८ टक्के तेच आहेत आणि रंगावरही आधीपासून १८ च होते. वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टरच्या कामात सिमेंटचा वाटा जेवढा, तेवढीच सूट मागण्यात अर्थ. कोटेशन जुनं असेल तर बाबवार दर मागा, ठोक रकमेत कुठे काय कमी झालं कळत नाही. इमारतीच्या विम्याचं नूतनीकरण असेल तर तिथेही फसू नका. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा करमुक्त झाला, सोसायटीची आगीची पॉलिसी नाही.

काम दोन टप्प्यांत घ्या. पावसाआधी गच्ची, कारण रंग आणि प्लास्टर पावसानंतरही होतं, गळती मात्र थांबत नाही. गच्चीचा टप्पा एफडीतून निघतो. पुढचे हप्ते मोजमापाप्रमाणे, ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. मध्ये कमी पडलं तर सिंकिंग फंडातून तात्पुरतं घेता येईल का हे तुमच्या उपविधींत बघा. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मोठ्या दुरुस्तीला आर्किटेक्टचा दाखला लागतो.

ढोकाळी_लेखनिक

सगळ्यांनी १,०५० चा टँकर कायम धरलाय. घोडबंदरला एप्रिल-मेमध्ये महापालिकेचं पाणी कमी येतं आणि टँकर दुप्पट लागतात. बऱ्याच सोसायट्या त्या महिन्यांत टँकरची ओळ प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वाढवतात. सचिव साहेब, मेमध्ये तुमची ओळ १,५०० झाली तर थ्री बीएचके ७,९०० वर. मर्यादा महिन्याची आहे, वर्षाची सरासरी नाही. फक्त मे महिन्यात ३२ सदनिकांवर १,४२२ प्रमाणे ४५,५०४ कर.

घोडबंदर_सचिव

आम्ही खरंच मेमध्ये वाढवतो. गेल्या वर्षी १,४०० होती.

ढोकाळी_लेखनिक

मग गेल्या मेमध्ये थ्री बीएचके ७,७०० वर होतं आणि त्या महिन्याचा हिशोबही सीएकडे गेला पाहिजे.

पुढे असं करा. गेल्या वर्षाची टँकरची सगळी बिलं काढा, एकूण खर्च भागिले १२ भागिले ९६. जो आकडा येईल तो वर्षभर एकसारखा लावा, अंदाजपत्रकासोबत एजीएममध्ये मंजूर करून. कमी-जास्त झालं तर फरक पुढच्या वर्षाच्या दरात घाला, मेच्या बिलात नाही. सरासरी १,०५० च्या वर गेली तर तेवढं सेवा शुल्कातून कापावं लागेल. त्याआधी पाणी वाचवा. पहिली जागा म्हणजे गच्चीच्या टाकीचे ओव्हरफ्लो आणि फ्लश टाक्यांची गळती. टाकीला फ्लोट वॉल्व्ह आणि इनलेटला मीटर बसवून रोजचं रीडिंग वॉचमनच्या वहीत लिहायला सांगा. १०,००० लिटरचा टँकर आला की त्या दिवशीचं रीडिंग आणि टँकरची चिठ्ठी शेजारी शेजारी लावा. चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि वेळ नसेल तर पैसे देऊ नका.